गोतगेंड्याचा जबडा

१२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आणि त्यासोबत परत आलेली आमची चित्रं, दोन्ही मिळालं. चित्रांवर इतकं लाल फिरवलंयस की आता ती चित्रकार बाईंना दाखवायची माझी हिंमत नाही. शेपूट जमिनीवर फरफटत नाही, मान्य. पंजे आत वळलेले हवेत, तेही मान्य. पण ‘याच्या घशात आग ओकायला जागाच नाही’ हे मी संपादकांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांचं म्हणणं असं की खरा प्राणी जसाच्या तसा घेतला तर टेबलाभोवतीची माणसं जांभया देतील. तुझं म्हणणं असं की तो जसा होता तसाच पुरेसा भयंकर होता. मी मधल्यामध्ये लोंबकळतोय.

तू संग्रहालयात सगळ्यांना सांगतेस ना, भाऊ लुडोची पुस्तकं लिहितो म्हणून? खुशाल सांग. पण एकदा नीट समजून घे. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चेटकिणी, चोर होतात, आणि कुठे अडलं की फासे टाकतात. वाटेत त्यांना जनावरं भेटतात. ती जनावरं मी पुरवतो. या वेळचं पुस्तक ‘लुप्तपशुकोश’. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीचे तुझे प्राणी, माझ्या जगात. कातडी किती जाड त्यावरून चिलखताचा आकडा ठरतो, जबडा केवढा त्यावरून चाव्याचे फासे ठरतात. आणि शेवटी प्रत्येकाला एक सवय द्यायची, अशी की खेळ संपल्यावर घरी जाताना लोक तिच्याबद्दलच बोलत राहतील. त्या सवयीला आम्ही खिळा म्हणतो. चिलखत आणि चावा कोणीही लिहील, मला ठेवलंय ते खिळ्यासाठी. आणि नेमकं शेवटचं पान अजून रिकामं आहे. कळपाने राहणारा, गवत खाणारा प्राणी हवाय, आणि खिळा काही सापडत नाहीये.

एप्रिलचं विचारलंस. हो, मी येतो. तू निर्धास्त परिषदेला जा, व्याख्यान दे, आईजवळ मी राहीन. किती वेळा वदवून घेशील? ऑक्टोबरात आलो होतो तेव्हा आईच्या जेवणाच्या वेळी मला खरंच फोन आला होता. संपादकांचा. तू दारात उभी राहून बघत होतीस ते मला दिसलं. फोन लांबला, परतीच्या गाडीची वेळ झाली, त्याला मी काय करणार?

फोनवर आपली भांडणं होतात म्हणून पत्रंच लिहायची, हा तुझा नियम मी इमानदारीने पाळतोय. ‘फोनवर तू थापा मारतोस, लिहिताना निदान खोडावं तरी लागतं,’ म्हणाली होतीस. बघ, एकही खाडाखोड नाही.

आईला माझा नमस्कार सांग. पक्षाघातानंतरचे तिच्या उजव्या हाताचे व्यायाम चालू आहेत ना?

टिल्लू

४ फेब्रुवारी

ताई,

इतकं लांब पत्र तू मला कधीच लिहिलं नव्हतंस. पुन्हा पुन्हा वाचलं.

तळघरातल्या त्या गेंड्याच्या बांध्याच्या सांगाड्याला तुम्ही सगळे आजोबा म्हणता हे वाचून हसलो. पण पुढचं वाचून हसू गेलं. खालचा जबडा डावीकडे मोडलेला, मग वाकडाच जुळून आलेला, वरचे दात खालच्यांना लागतच नाहीत, त्यामुळे गवताची काडी चावणं अशक्य. आणि तरी हाडावरच्या खुणा सांगतात की मोडल्यावरही तो वर्षानुवर्षं जगला. तू लिहिलंयस, ‘शोधनिबंधात मी एवढंच म्हणणार की तो जगला. कोणी भरवलं की नाही हे हाड सांगत नाही, आणि हाड सांगत नाही ते मी बोलत नाही. पण तुला सांगते, टिल्लू. रोज आईला भरवताना मला तो जबडा दिसतो. त्याला कळपाने चावून भरवलं असणार. दुसरं काही असूच शकत नाही.’

सोबतचा जबड्याचा फोटोही मिळाला. त्याच्या पाठीमागे लिहिलेलं वाचलं. परिषद होईपर्यंत कोणाला दाखवायचा नाही. बरं.

माझं म्हणशील तर रिकामं पान भरलं एकदाचं. कळपाचा प्राणी जमला. नाव ठेवलंय गोतगेंडा. नाव कसं वाटलं? तुझ्या आजोबांशी त्याचा

वरची ओळ पुढे खोडलीय, दिसतंच आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. शब्द सुचत नव्हते, दुसरं काही नाही.

आईचा घसा आता जरा सुधारलाय लिहिलंस, बरं वाटलं. एक जेवण भरवायला तास जातो हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणजे तू ऑक्टोबरातही सांगितलं असशील.

टिल्लू

२६ फेब्रुवारी

ताई,

मधल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. छपाई तोंडावर आलीय.

एक गंमत सांगतो. पुस्तक छापायला जाण्याआधी प्रत्येक जनावर आम्ही खेळून बघतो. खेळांच्या दुकानाच्या मागे एक खोली आहे, खोक्यांनी भरलेली, मधे मोठं टेबल. तिथे नेहमीची मंडळी जमतात. त्यात एक दाढीवाला आहे, पक्का बेरकी. त्याने एखाद्या जनावरात पळवाट शोधली नाही असं होत नाही. गोतगेंड्याचा खिळा असा आहे की कळपातला एखादा जखमी झाला तर बाकीचे पळत नाहीत, त्याच्यासाठी गवत चावून आणतात आणि भरवतात. मी तो वाचून दाखवला. मला वाटलं, जमलं.

मग दाढीवाला म्हणाला, “म्हणजे एकाला नुसता जायबंदी करायचा. मारायचा नाही. जबडा फोडायचा आणि झुडपात बसून राहायचं. बाकीचे येतातच की भरवायला.”

त्यांनी तसंच केलं. कळप एकेक करून येत गेला आणि यांनी एकेक करून मारला. यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. शेवटी तो जबडा फुटलेला एकटाच उरला, तर दाढीवाला म्हणतो, “राहू दे त्याला. दुसरा कळप आला तर कामाला येईल.” सगळ्यांनी टेबल बडवलं. संपादक म्हणाले, “हाच खिळा. ही युक्ती छापील पानावरच घाला.” मी घातली. आणि मीही हसलो, ताई. तसं बघितलं तर हुशारीचंच होतं ते.

तुला हे सगळं का सांगत बसलोय कळत नाही. सांगायचं होतं ते वेगळंच. एप्रिलचं जरा अवघड दिसतंय. पुस्तक त्याच आठवड्यात दुकानांत येतंय. मी विचार करत होतो, तेवढ्यापुरती एखादी शिकलेली परिचारिका ठेवली तर? आईला अनुभवी हात बरा. मी नवखा माणूस, घाईत काही घशात अडकलं तर काय करायचं तेही मला ठाऊक नाही. मी नाही म्हणत नाहीये. फक्त सुचवतोय.

पुस्तकाची नमुन्याची चार पानं कालपासून कंपनीच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघायला ठेवलीत. तू शोधत बसू नकोस. छापील प्रत आली की मीच पाठवतो.

टिल्लू

१७ मार्च

ताई,

तुझं पत्र इतकं छोटं कधीच नव्हतं. ‘तुमच्या नमुन्याच्या पानावर आजोबांचा जबडा आहे. संचालकांनी पाहिला. त्यांना वाटतं मी तो तुमच्या कंपनीला दिला. व्याख्यान काढून घेतलंय, तळघराची किल्लीही. आता तुला एप्रिलमध्ये यायची गरज नाही.’ खाली नावसुद्धा नाही.

आता सगळं लिहितो. सारवासारव करणार नाही, करायला जागाही उरलेली नाही.

फोटो मी चित्रकार बाईंना दिला. नुसता अंदाज यावा म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. बाईंचा हात असा की त्यांनी मोडलेली जागा, जुळून आलेली गाठ, सगळं जसंच्या तसं उतरवलं. त्यांनी मला विचारलंसुद्धा होतं, “हे फारच खरं वाटतंय. ज्यांचा फोटो आहे त्यांची परवानगी घेतलीय ना?” मी म्हणालो, “माझी बहीणच आहे ती.” याचा अर्थ हो असा त्यांनी घेतला, आणि तो तसा घ्यावा म्हणूनच मी तसं बोललो.

‘कळपाने चावून भरवलं’ हे वाक्यही तुझंच आहे, शब्दाला शब्द. तू जे हाडाच्या बळावर बोलायला तयार नव्हतीस, ते मी पुस्तकात ठासून लिहिलं. खिळा सापडत नव्हता आणि तुझ्या पत्रात तो आयता पडलेला होता. तू तो आईबद्दल लिहिला होतास हे मला वाचतानाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अजून एक लिहायचं आहे आणि ते लिहिताना पेन जड झालंय. तुझ्या पत्रातल्या ओळी मी क्रमाने वाचत गेलो. व्याख्यान गेलं हे वाचलं. किल्ली गेली हे वाचलं. मग शेवटची ओळ वाचली, तुला यायची गरज नाही, आणि मला हायसं वाटलं. तुझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं मी वाटोळं केलं हे कळून चुकल्यानंतर, त्याच पानावर, मला बरं वाटलं. ते यायचं टळलं म्हणून. क्षणभरच असेल, पण मी तो पकडला. तेव्हापासून आरशात बघून दाढी करायचंही नको झालंय.

ऑक्टोबरात फोन आला नव्हता. मी जिन्यात उभा राहून बंद फोन कानाला लावून बोलत होतो. दोन मजले खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होतो. आईला तसं बघवत नाही मला. एवढंच कारण आहे.

पान मागे घ्या म्हणून मी संपादकांच्या हातापाया पडलो. पुस्तक छापून झालंय, आणि सगळ्यात जास्त गाजतंय ते तेच पान. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत तुमच्या बहिणीचे आभार मानू. म्हणजे आगीत तेल. मी नको म्हणालो.

काय करू सांग. नको सांगूस, मीच बघतो.

टिल्लू

३० मार्च

ताई,

तू लिहीत नाहीस ते बरोबरच आहे. तरी हे वाच, कारण यात तुझ्या कामाचं आहे.

मी तुझ्या संचालकांना भेटून आलो. पत्राने भागलं असतं, पण पत्रात मी किती नागमोडी लिहितो ते एव्हाना तुला पाठ झालंय. त्यांच्या खोलीत बसायला खुर्ची होती, मी उभाच राहिलो. सगळं सांगितलं. फोटोच्या पाठीमागे तू काय लिहिलं होतंस तेही सांगितलं, आणि फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी फोटो उलटून पाठीमागचं तुझं अक्षर वाचलं. मग म्हणाले, “तुमच्या बहिणीने तुमचं नाव घेतलं नाही. फोटो माझ्या हातून बाहेर गेला, एवढंच म्हणत राहिल्या. कोणाला दिला विचारलं तर गप्प.”

मला वाटलं होतं तू माझ्या नावाने बोटं मोडली असशील. तसं केलं असतंस तर मला तिथे उभं राहणं सोपं गेलं असतं.

पुढे ते म्हणाले, “त्यांनी कंपनीला माहिती पुरवली हा संशय मी मागे घेतो. किल्ली परत मिळेल. पण फोटो बाहेर द्यायला नको होता, भाऊ असला तरी. व्याख्यान आता मीच देईन. त्यांनी बरोबर यावं. प्रश्न आले तर उत्तरं त्यांनाच द्यावी लागतील, ते हाड त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.” मी म्हणालो, काम तिचं आहे, बोलायलाही तीच हवी. ते म्हणाले, “हे तुम्ही मला सांगताय?”

म्हणजे मी एवढंच मिळवून आणलं. तुझ्याच शोधाच्या वेळी तुला खाली खुर्चीत बसायची परवानगी.

आणि हेही लिहून टाकतो. तिथून मी तुझ्या गल्लीपर्यंत आलो होतो. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आत मिक्सर चालू होता. आईच्या जेवणाची वेळ. मी समोरच्या दुकानात शिरून नको असलेला साबण घेतला आणि परत फिरलो.

एप्रिलमध्ये मी येतोय. पुस्तक त्या आठवड्यात दुकानांत येवो नाहीतर गटारात जावो. तू परिषदेला जायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासारख्याने तुला जा म्हणणं शोभत नाही. पण तू मागे राहावंस याला आई हे कारण असणार नाही, एवढं मी बघतो. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. जिना माझ्या ओळखीचा आहे.

टिल्लू

१९ एप्रिल

ताई,

हे तुझ्याच ओट्याजवळच्या टेबलावर बसून लिहितोय. पोस्टात टाकणार नाही, इथेच ठेवतो.

तू काल निघताना माझ्याशी जेवढं बोललीस तेवढं मला तोंडपाठ आहे. “हनुवटी खाली ठेवायची. गिळल्याशिवाय पुढचा चमचा नाही. घाई करू नकोस.” मग बॅग उचललीस आणि आईच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलंस. बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते. मी बॅग घ्यायला हात पुढे केला, तू दुसऱ्या हातात घेतलीस.

दिवसा येणाऱ्या मावशींनी मला बघून काय म्हणावं? “तुम्ही धाकटे ना? आई सांगतात, तुमचा रोज फोन येतो.” आईला झटका आल्यापासून मी किती फोन केले ते तुला माहीत आहे. त्यांना मी हो म्हणालो. आईला खोटं पाडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. रात्रीचं जेवण काल मावशींनीच थांबून भरवलं. मी बाहेरच्या खोलीत बसून चमच्याचा आवाज ऐकत होतो.

आज मावशींना सुट्टी आहे. दुपारी मीच बसलो. गाजर-बटाटा उकडून तू दाखवलंस तसं मिक्सरमधून काढलं, गाळलं, कोमट केलं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, उशी लावली, गळ्याला रुमाल बांधला. तिथे त्या वेळी तुमचे संचालक पडद्यावर आजोबांचा जबडा दाखवत असतील आणि तू कुठल्या तरी रांगेत हात मांडीवर ठेवून बसली असशील, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी पहिला चमचा दिला. तिने घेतला. अर्धं उजवीकडून बाहेर आलं, हनुवटीवरून रुमालावर. मी पुसलं आणि तिच्याकडे न बघता दुसरा भरला. गिळून व्हायच्या आधीच दिला. तिला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, माझ्या शर्टवर, हातावर, सगळीकडे उडालं. ठसका थांबल्यावर मी हात धुवायला म्हणून उठलो आणि न्हाणीघरात नळ चालू ठेवून उभा राहिलो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर बरंच झालं नसतं का? मी आपणहून परत गेलो. ती तशीच बसली होती, हनुवटी खाली घालून, वाट बघत. जेवण निवलं होतं.

मी खुर्चीत बसून चमचा पुढे केला. तिने तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली. तिचं बोलणं तुला लगेच कळतं, मला दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा कळलं.

“किळस येते ना तुला?”

मी म्हणालो, “काहीतरीच काय, आई. मला भीती वाटते, तुला काही होईल म्हणून.”

तिने ओठ घट्ट मिटले. डावीकडून मिटतात, उजवीकडे फट राहते, पण मिटले. मी म्हणालो, थोडं तरी खा. तिने मान हलवली. मी म्हणालो, ताई मला रागवेल. तिने डोळेही मिटले. तुला मी जे जे लिहिलं, फोन आला, गाडी चुकली असती, बघवत नाही, घशात अडकेल, ते सगळं तिच्यासमोर क्रमाने मनात येऊन गेलं आणि त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना.

शेवटी मी म्हणालो, “हो. येते.”

चमच्यातलं थोडं तिच्या पांघरुणावर सांडलं. मी म्हणालो, “लाळ बघितली की मला मळमळतं. तुझी आहे हे माहीत असूनसुद्धा. म्हणून पळतो मी.”

तिने डोळे उघडले. बोलायला तिला खूप वेळ लागला, एकेक शब्द गोळा करून आणत होती, आणि मी या वेळी मधे पुरवायला गेलो नाही.

“मलापण यायची,” ती म्हणाली. “तुझी. तू लहान होतास तेव्हा. ताईची नाही आली कधी. तुझी यायची.”

ती हसत होती की तोंडच तसं वाकडं आहे ते मला ओळखता येत नाही. तुला येत असेल.

“कोणाला सांगितलं नाही,” ती म्हणाली. “करायचं असतं ते केलं.”

मी पांघरुणावरचं सांडलेलं पुसलं. जेवण पुन्हा कोमट करून आणलं, खुर्ची आणखी जवळ ओढली, आणि या वेळी तिच्या तोंडाकडे नीट बघून चमचा पुढे केला.

तिने तोंड उघडलं.